लागलं आणि अपघात

जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तेव्हा दारातला फळा माझ्या ताब्यात होता. त्यावर ‘अपघाताविना दिवस’ असं लिहिलेलं होतं आणि पुढचा आकडा मी रोज एकाने वाढवायचो. सुट्टी होताना विचारायचो, "आज कुठे अपघात?" "नाही भाऊ," असं एका सुरात उत्तर यायचं. आकडा वाढला तशी माझी छातीही फुगली. घरी बायकोला तो अशा थाटात सांगायचो, की जणू सगळी मशिनं मीच हाताने थोपवून धरली होती.

एकदा कटिंगवरच्या अक्कांच्या बोटाला रक्ताने भिजलेली चिंधी दिसली.

"अक्का, हे काय? सांगितलं का नाही?"

"तुम्ही ते अपघात इचारतस ना, भाऊ. हाई ते लागी गयं. अपघात हायवेवर व्हस!"

शेजारची बाई हसली. "बठ्ठासले लागस, भाऊ," सगळ्यांनाच लागतं, असं म्हणत तिने आपला तळवा पुढे केला. कटिंग मशीनच्या त्याच पात्याने कापल्याच्या तीन खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कोणाला लागलं?" वहीचं पान भरलं. त्यात सहा जणी त्या एकाच पात्याच्या. फळ्यावरचा आकडा पुसून शून्य लिहायला मन होत नव्हतं, खोटं कशाला बोलू? तरी लिहिलं. मालक तडकले, "अचानक एवढे अपघात कसे वाढले?" मी वही पुढे केली. त्यांनी पान वाचलं आणि ते पात्यापाशी जाऊन उभे राहिले. दुपारी ते मशीन बंद झालं, ते पात्यावर जाळी बसेपर्यंत सुरू झालं नाही.