ओव्हन तापेना

परवा आमच्या लोह्याच्या घरात ओव्हन तापेनासा झाला. दिवा नाही, धग नाही... काहीच नाही.

एरवी मी एवढी खचले नसते. पण बाबा सध्या जेवत नाहीत. माझ्या हातची नानकटाई दुधात बुडवून दिली तर तेवढी पोटात जाते. बरणीही तळाला आलेली.

मी तापमानाचं बटण फिरवलं, टायमर फिरवला, वायर हलवून पाहिली. स्वयंपाकघरातली ट्यूब चालू होती, म्हणजे वीज आहे, असं मीच ठरवून टाकलं... बाबा आयुष्यभर मुखेडकडे लाइनमन होते. आता ते माझं नावही विसरलेत. तरी वेड्या आशेनं मी टेस्टर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चमचा परत करावा तसा परत दिला.

का दिला मी? दुरुस्तीसाठी, की त्यांची परीक्षा घ्यायला? अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शमीमआपांना बाबांजवळ बसवलं आणि चादरीत गुंडाळलेला ओव्हन मांडीवर घेऊन एसटीनं नांदेड गाठलं. दुकानदारानं पिन लावली आणि दोन्ही रॉड लालभडक झाले!

"मॅडम, हा तर मस्त तापून राहिला. तुमच्याच घरी काम करायचा कंटाळा आला असंल त्याला," तो हसला. मला हसू आलं नाही.

घरी आणून लावला. पुन्हा थंडगार... मी ओट्याला टेकून रडले. मग सुचलं, बोर्ड उघडून बघावा. ओव्हनच्या सॉकेटचा चिनी मातीचा फ्यूज जागेवर नव्हताच.

बाबा खाटेवर बसले होते. सदऱ्याच्या खिशावर हात घट्ट. मी खिशातला फ्यूज काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नगा. लाईनवर माणूस हाय."

खांबावर कुणी चढलं की खालचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून कुणी लाईन चालू करणार नाही... ही त्यांची जुनी रीत.

"कोण हाय, बाबा?"

"हाय एक बाई. आत हात घालून बसलीय."

ती मीच. ओव्हन बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी मी तो आतून पुसत होते, आणि पिन काढायला विसरले होते.

"बाबा, माणूस उतरला," मी म्हटलं. लहानपणी ऐकलेलं वाक्य. त्यांनी लगेच फ्यूज माझ्या हातावर ठेवला.

संध्याकाळी नानकटाई झाली. दोन घास खाऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"

"तुमचीच," म्हणत मी आणखी एक नानकटाई दुधात बुडवली... मी त्यांची कोण, हे त्यांना आता आठवणार नाही. पण आत कुणाचा तरी हात आहे, हे ते विसरले नाहीत. यापुढे मला एवढ्यावरच दिवस काढायचे आहेत.