वाढलं कोणी?

सकाळी सव्वाआठला आमच्याकडे चहा, डबे, इस्त्री आणि हरवलेला मोजा, सगळं एकदम चालू असतं. त्यात दार वाजलं. समोरच्या ताई. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकं देता-घेता या वयात स्वतःच प्रबंध लिहून बसलेल्या.

"वहिनी, तुमचा नाश्ता बघत बसू?"

"बघता कशाला, खा की," आमचे हे म्हणाले.

कोण कुठे बसतं, आधी कोण जेवतं, हे ताई जाईल तिथे वहीत टिपतात. लग्नात लोक त्यांना केटररची बाई समजून मीठ मागतात. विषय मात्र पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळींचा. घरोघरी जमून ते एकत्र जेवत. धर्मग्रंथातल्या एका पत्रात त्यांची खरडपट्टी आहे: कोणी उपाशी राहतो, कोणी पिऊन तर्र. ताई म्हणतात, भांडण खादाडपणाचं नाही, मानाचं. मानवशास्त्रज्ञ ताटावरून प्रतिष्ठा ओळखतात, तेच मॉडेल त्यांनी त्या पत्राला लावलं. यजमानाचे खास लोक आतल्या खोलीत, उशिरा येणारे कामकरी अंगणात. कोण कुठे बसलं असेल, याचा तीस माणसांचा नकाशाही वहीत काढला.

"काल माझे मार्गदर्शक सर नकाशा बघून म्हणाले, तीसही जण बसलेत, मग वाढलं कोणी? उद्या तोंडी परीक्षा, तीही सगळ्यांसमोर. तिथे हेच विचारलं तर माझी दातखीळ बसेल!"

ह्यांचं खाणं झालं, लेकीचं झालं, ताईंनीही दोनदा घेतलं. मग त्यांचं पेन थांबलं.

"वहिनी, तुम्ही कुठे बसता?"

"मी? ओट्यापाशी, उभ्यानेच उरकते."

"आईची खुर्ची आहे ना," लेक म्हणाली, "पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात."

ताई खो-खो हसल्या. "मी तरी काय शहाणी! नुसत्या बसायच्या जागा काढत बसले. वाढणारी बसते कुठे? ती फिरते!" त्यांनी नकाशावर चुलीपासून आतल्या खोलीत आणि तिथून अंगणात एक बाण ओढला. "आत आणि बाहेर, दोन्हीकडे हीच जाणार. शेवटी काय उरलं, ते हिलाच ठाऊक."

मग चेहरा उतरला. "पण पत्रात तिचा उल्लेख नाही हो."

"मग तसंच सांगा," मी म्हटलं. "अंदाज म्हणून."

"सांगते." दारात त्या वळल्या. "वहिनी, उद्या अकराला परीक्षेला येता का? मागे उभ्या राहू नका. पुढच्या रांगेत, मला दिसाल अशा बसा."