चामड्याला ऊन

धामापूरच्या एका म्हाताऱ्यांकडे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रज कादंबरीकाराचा चामडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा अख्खा संच आहे, असं कळल्यावर मी नवरदेवाच्या थाटात तिथे पोचलो. पावसाळा नुकताच सरला होता. खळ्यात अर्ध्या चटईवर नवं भात, अर्ध्यावर पुस्तकं वाळत होती. म्हातारे जुन्या धोतराच्या फडक्याने चामड्यावरची बुरशी पुसत होते.

“विकणार का?”

“व्हरा सगळी. दर वर्साक ह्येंची सेवा करून माझे हात दमले.”

मी हर्षभरित होऊन गठ्ठा बांधला. स्कूटरशी पोचलो तोच मागून प्रश्न आला, “तुमच्याकडे ऊन खंय येता?”

“फ्लॅट आहे. सकाळी खिडकीत जरासं येतं.”

“जरासा?”

“अवो, जांवदेत!” आतून त्यांची बायको ओरडली. “माका भाताक जागा गावतली!”

म्हाताऱ्यांनी सुस्कारा सोडला, उठून माझ्या हातातला गठ्ठा परत खळ्यात नेला, गाठ सोडली आणि पुस्तकं पुन्हा उन्हात मांडली. मग फडकं टरकावून अर्धं माझ्या हातात दिलं.

“इलात तर पुसा.”

मीही मांडी घालून पुसू लागलो. दारात आलेल्या काकूंनी कपाळावर हात मारला. “आता दोघे झाले!”