पंतप्रधानाविरुद्धची माझी निवडणूक

पुढे एका अरब देशाचा पंतप्रधान झालेला माणूस माझ्याबरोबर दोन वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहिला, आणि त्या दोन वर्षांत त्याने एकदाही भांडी घासली नाहीत. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही, यातच त्याची सगळी कारकीर्द आली. सिंकमध्ये पातेल्यांचा डोंगर साचला की तो त्याच्याकडे अशा काही करुण नजरेने बघायचा, की आमचा तिसरा भिडू, एक नागपूरकर, आपणहून बाह्या सरसावून उभा राहायचा. मीही तसं बघून पाहिलं. आठवडाभर बघत होतो. नागपूरकर म्हणाला, "काय बे, डोळ्यात काही गेलं का?"

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, टेक्सासमधल्या एका गावातली. गाव म्हणजे एक युनिव्हर्सिटी, तीन चर्च आणि उरलेल्या जागेत उन्हाळा. आम्ही तिघंही पाण्याचं शिक्षण घेत होतो. कालवे, बंधारे, पूर. मार्क मला जास्त पडायचे. हे इथे लिहून ठेवतो, कारण त्याच्या चरित्रात ते सापडायचं नाही.

दिसायला तो मध्यम उंचीचा. पण मी घरी लिहिलेल्या पत्रात त्याला साडेसहा फूट करून बसलो होतो, आणि नंतर कमी करायची सोय राहिली नाही. आवाज मात्र खरोखरच तसा होता. त्याने नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी पार्किंगमधल्या गाड्यांना आपण चुकीच्या जागी उभ्या आहोत असं वाटायचं. आजोबा टोळीचे न्यायनिवाडे करायचे, वडील शाळामास्तर. माझेही वडील शाळामास्तर, साताऱ्यात. तेच मला सोसत नव्हतं. तो एखाद्या शेखाचा मुलगा असता तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. पण दोघं एकाच रेषेवरून सुटलेलो, आणि हा लेकाचा न धावता पुढे.

त्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष निवडायचा होता. अध्यक्षाला वर्षातून एकदा युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटशेजारी बसून जेवायला मिळे आणि गावच्या पेपरात फोटो येई. मला तो फोटो हवा होता. माझ्या वडिलांनी मला उभ्या आयुष्यात एकदाच शाबासकी दिली होती, तीही पाठमोरा होतो म्हणून, भाऊ समजून. तो फोटो साताऱ्याला गेला असता तर दुसरी शाबासकी समोरून मिळाली असती.

मी महिनाभर प्रचार केला. कोरियन, नायजेरियन, ब्राझीलचे, सगळ्यांना घरी बोलावून पोहे खिलवले. अख्ख्या टेक्सासातली कोथिंबीर त्या महिन्यात मी संपवली. सगळ्यांनी मान डोलावली. मला इतकी खात्री झाली, की सभेच्या दोन आठवडे आधीच मी वडिलांना लिहून टाकलं, 'अध्यक्ष झालो.' पत्र पोचेस्तोवर निवडणूक होऊन जाईल, असा हिशोब.

सभा शुक्रवारी दुपारी. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारी अमेरिकन बाई हातात यादी घेऊन उभी राहिली. पहिलं नाव माझं. तिने विचारलं, "अध्यक्ष व्हायला आवडेल तुम्हाला?"

आता आपल्याकडे याला एक रीत आहे. पद चालून आलं की माणूस हात जोडतो, छे छे, मी कसला, म्हणतो. मग दोघं-चौघं त्याला दंडाला धरून ओढतात, आणि तो नाइलाजाने, फुलासारखा लाजत, खुर्चीवर बसतो. माझ्या वडिलांनी ग्रंथालयाचं चिटणीसपद असंच घेतलं होतं. मी उभा राहिलो. धरायला सोपे जावेत म्हणून दंड जरा सैल ठेवले, आणि म्हणालो, "नाही नाही. माझ्यापेक्षा लायक लोक आहेत इथे."

"ओके," बाई म्हणाली, "इतकं स्पष्ट सांगितलंत, थँक यू." आणि तिने माझ्या नावावर काट मारली. त्या काटेचा आवाज ओक्लाहोमापर्यंत ऐकू गेला असावा असं मला वाटलं. मी नागपूरकराकडे बघितलं. त्याच्या तोंडात अख्खा डोनट होता.

दुसरं नाव आमच्या अरब भिडूचं. त्यानेही छातीवर हात ठेवून मान हलवली. नाही. बाईने पेन उचललं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जण उठला, "ब्रदर, आमचं ऐक." तो पुन्हा नाही म्हणाला. आणखी दोघं उठले. पुन्हा नाही. मग चौथा उठला, आणि पाचवा कोण, तर माझे तीन बशा पोहे खाल्लेला कोरियन. तोंड रिकामं झाल्यावर नागपूरकरही उठला. तेव्हा कुठे त्याने जन्मठेप ऐकल्यासारखी मान खाली घातली आणि अध्यक्षपद स्वीकारलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन मी नागपूरकरावर तुटून पडलो. "अरे, आग्रह करायचा असतो ना?"

"तूच तर नाही म्हटलं ना बे. तू खरंखुरं नाही म्हणून राहिला का खोटंखोटं, मले काय माहीत?"

भावी पंतप्रधान वेलदोड्याची कॉफी उकळत होता. भांडण इंग्रजी-मराठीत चाललं होतं, पण त्याला सगळं कळलं. "आमच्याकडेही आधी नाहीच म्हणतात, माय फ्रेंड," तो म्हणाला. "पण आग्रह करणारे आधी नेऊन बसवावे लागतात. मी काल चौघांना सांगून ठेवलं होतं."

"आणि पाचवा?"

"पाचवा आपोआप उठतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुझेही चौघं असतील."

मग मला साताऱ्याच्या पत्राची गोष्ट सांगावीच लागली. नागपूरकर हसून हसून सोफ्यावरून खाली आला. तो मात्र हसला नाही. संघटनेचा छापील कागद काढून त्याने माझ्या वडिलांना स्वतः पत्र लिहिलं : सभेने प्रथम आपल्या मुलास विचारले, त्याने सर्वांसमक्ष नम्रपणे नकार दिला, आणि त्यानंतरच ही संधी माझ्याकडे आली. एकही वाक्य खोटं नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुंदर थाप मला एका खऱ्या माणसाने मारून दिली. मी संतापलो, आणि तिकीट चिकटवून पत्र टाकून आलो.

वडिलांचं उत्तर आलं ते त्याच्या नावाने. दोन पानं, शाळामास्तरी इंग्रजीत, अक्षर मोत्यासारखं. मला खाली मराठीत एक ओळ होती, 'नकार दिलास ते बरं केलंस. योग्य माणूस अध्यक्ष झाला.'

त्यानंतर त्या दोघांचा पत्रव्यवहार मी अडवू शकलो नाही. तो मायदेशी जाऊन पाटबंधारे खात्यात लागला, मग त्या खात्याचा मंत्री झाला, मग पंतप्रधान. मी टेक्सासातच राहिलो आणि एका काउंटीच्या गटारांचा प्रमुख झालो. पाणी तेच, असं मी लोकांना सांगतो. दर बढतीची बातमी मला साताऱ्याहून कळायची.

दोन वर्षांतच त्याचं सरकार पडलं. ते पेपरात वाचून मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. बायकोला जिलबी करायला सांगितली. ती तळून व्हायच्या आत साताऱ्याहून फोन आला. वडिलांचा हात तेव्हा थरथरायचा, लिहिता येत नसे. म्हणाले, "त्याला धीराचं पत्र जायला हवं. मी सांगतो, तू लिहून घे."

मी पेन घेतलं. वडिलांनी मायना सांगितला, "माय डिअर सन."

मी कागदावर 'युवर एक्सलन्सी' लिहिलं आणि विचारलं, "पुढे?"