फळाला न आलेल्या नवसांचं गाव

मधूदादा आज सकाळी गेला.
ज्या एका गोष्टीची आम्ही इतकी वर्षं वाट पाहिली, ती न लिहिताच.

छत्रीबागेत तो आमच्या शेजारी राहायचा. नव्वदच्या दशकात आमच्या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाच्या मासिकात त्याची सिरीज यायची.
नदीच्या तळाशी एक गाव. माणसांचे जे नवस फळले नाहीत, ते सगळे तिथे राहायला येतात. वेशीवरचा चौकीदार प्रत्येकाला विचारतो, "कुणाचा रे तू?" आणि आधी जेवायला वाढतो.

परीक्षेचा नवस म्हणजे शेपूट नसलेली खार. लग्नाचा नवस रोज नटून बसायचा.

अंक आला की घरात खेचाखेची. आई वाचता वाचता हसायची, "हा तर समोरच्या काकूंचा! पक्का!"

देव ऐकतो की नाही, यावर दादा काही लिहायचा नाही. बोललेलं वाया जात नाही, एवढंच.
माझ्यासारख्या शंकेखोर मुलीला तेवढी श्रद्धा झेपायची.

मग बाबांची मिल बंद पडली.

एका संध्याकाळी बाबा दादाच्या दारात. मी मागे उभी.
"मधू, पुढच्या गोष्टीत मिल चालू करून टाक ना, भिया."
दादा हसला. "काका, मी काय मॅनेजर आहे का?"
बाबा हसले नाहीत.
"तू लिखके तो देख. तुझ्या हाताला काहीतरी गुण आहे."

पुढच्या अंकात गोष्ट नव्हती. त्याच्या पुढच्याही.

गल्लीत भेटला तेव्हा म्हणाला, "मिल चालू केली की खोटं वाटतं गं. नाही केली, तर काकांना तोंड कसं दाखवू?"

सिरीज तिथेच थांबली. मिल उघडली नाही.

बाबांमुळेच थांबली म्हणणं न्यायाचं नाही. त्याला शहरातच, लांब पलासियाला नोकरी लागली होती, वेळ नसायचा.
बाबांमुळे नाही, असंही मला लिहवत नाही.

आज बाबा हट्टाने अंत्यदर्शनाला आले. दोघांनी धरून रिक्षातून उतरवलं.
दादाच्या कानाशी वाकले.
"मधू, मिलचं राहू दे आता. टेन्शन नको घेऊस."

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू,
"ऐकलं असेल ना गं त्याने?"

मी त्यांचा हात धरला. 

मधूदादा, तुझ्या गोष्टींनी आम्हाला फार आनंद दिला.
नीट जा.