अडीच फेरे

चौदा सप्टेंबर, रविवार, सकाळचे साडेअकरा. खिशात चोवीस हजार रुपये, बारा माझे आणि बारा वहिनींचे. कॉलेज रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही चौघं: माझा थोरला भाऊ, वहिनी, मी आणि माल दाखवणारी मुलगी.

दादानं अठ्ठावीस वर्षं मखमलाबादहून भाजीचा टेम्पो मुंबईला नेला. फेब्रुवारीत त्याला लकव्याचा झटका आला. डावा पाय काठी धरून थोडा चालू लागला, डावा हात काही आला नाही. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद सांगितली. टेम्पोला कळवणचं गिऱ्हाईक तयार होतं, पण दादा कागदावर सही करेना. "मला येतंय चालवता," एवढंच म्हणायचा. वहिनींनी किल्ली लपवली तर दोन दिवस जेवला नाही.

गेम खेळायचं स्टिअरिंग घ्यावं ही कल्पना माझी. घरबसल्या चालवेल, धडकला तरी कुणी मरणार नाही, आणि हात चालत नाही हे त्याचं त्याला दिसेल. दादाला मी यातलं फक्त पहिलं सांगितलं होतं.

पहिलं स्टिअरिंग सात हजारांचं, पाऊण फेरा फिरणारं. दादानं ते एकदा फिरवलं आणि सोडून दिलं.

"सायकलचं हँडल हाय हे."

दुसरं साडेबावीस हजारांचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे, आत मोटर, खड्डा आला की हाताला धक्का. टेम्पोच्या सगळ्यात जवळचं तेच होतं, म्हणून मी तेच पसंत केलं. मी फेरे मोजले, हात मोजले नाहीत.

मुलीनं ते टेबलाला आवळून गेम लावून दिला. दादा खुर्चीत बसला, उजवा हात ठेवला आणि आधी मधोमध दाबून पाहिलं.

"हॉर्न कुठंय?"

"काका, याला हॉर्न नाहीये."

"मग घाटात काय करायचं?"

सरळ रस्त्यावर त्यानं गाडी छान नेली. चेहरा इतका मोकळा मी सात महिन्यांत पाहिला नव्हता. मग वळण आलं. एका हातानं अर्धा फेरा झाला, पुढं धरायला त्यानं हात सोडला, तेवढ्यात मोटरनं चाक गर्रकन मागं फिरवलं. गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्यांदाही तसंच, तिसऱ्यांदाही. डावा हात मांडीवर तसाच पडलेला.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. आम्हाला हवं होतं ते झालं होतं, आणि दोघांनाही ते बघवत नव्हतं.

"याला घुंडी नाही," दादा म्हणाला.

मुलीला कळेना. ट्रॅक्टरवाले स्टिअरिंगवर एक गोल मूठ बसवतात, मी सांगितलं. ती धरली की हात न सोडता एका हातानं चाक फिरतं.

"दादा, ह्याला ती बसायची नाही."

"ह्याला कोण बसवतंय?"

"आणि टेम्पोचा क्लच?" वहिनी म्हणाल्या. "तो कोण दाबणार, मी?"

"एकेक बघू."

चोवीस हजार तसेच खिशात परत निघाले. गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी. पंचवटीत ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान दिसलं तसा तो म्हणाला, "थांब."

"भावजी, थांबू नका हं," मागून वहिनी म्हणाल्या.

दादानं उजवा हात हँडब्रेकवर ठेवला. तो हात अजून धडधाकट आहे. मी थांबलो.

घुंडीचे दुकानदारानं साडेतीनशे सांगितले. दादानं तीनशे वीसवर आणले आणि स्वतःच्या खिशातल्या नोटांची घडी माझ्यापुढं धरली. एका हातानं त्याला नोटा सुट्या करता येत नाहीत. वहिनी गाडीतून उतरल्याच नाहीत. मी मोजले आणि दिले: रुपये तीनशे वीस, ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानदाराला.