चौथ्या शीलाआधी थांबणाऱ्या गयाआक्का

गयाआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. सखूबाईचा आवाज फोनवर नेहमी भांडल्यासारखा येतो, त्या दिवशी तो अगदी हळू होता. "सकाळी चहा पिली, भितीला टेकून बसली, अन् गेली माय आपली..." खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. ऐंशीच्या पुढचं वय, पण अंथरुणाला खिळून राहायची वेळ आली नाही. शेवटच्या रविवारपर्यंत त्या विहारात येऊन बसल्या. दुसरी सुटका माझी होती. आक्का गेल्या तेव्हा त्यांच्यापासून लपवलेलं माझ्याकडे काहीच उरलेलं नव्हतं. एके काळी होतं, आणि ते लहान नव्हतं.

मी गोरेगावला आले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे परभणीचेच. माझं सासर हट्ट्याचं. नवऱ्याने दुसरी करून घरात आणली आणि मी तीन वर्षांच्या प्रज्ञाला कडेवर घेऊन निघाले, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मला कुणी ओळखणार नाही. जीपमधून उतरून विहाराच्या ओट्यावर टेकले, तिथे आक्का भेटल्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून उभी हयात घालवलेली बाई, पांढरं लुगडं, आवाज असा की रोगी निम्मा त्यानेच बरा व्हावा. "मालक काय करतेत?" त्यांनी विचारलं. "वारले," मी म्हटलं. विधवेला खोली मिळते आणि टाकलेलीला प्रश्न मिळतात, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

आक्कांकडे अशा आम्ही सात-आठ जणी होतो. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला सासरच्यांनी हाकललेलं, लेकरं सगळ्यांच्याच पदराला. नवी बाई आली की आक्का तिला एक जुनी जोडीदारीण लावून देत. वर्षभर तहसीलला, दवाखान्यात, शाळेत, कुठेही एकटीने जायचं नाही. माझ्या वाट्याला सखूबाई आली. तोंडाची फाटकी आणि मनाची लोण्याची! सेनगावला कागद घेऊन गेलो की साहेबाआधी तीच बोलायची. रविवारी सकाळी सगळ्यांनी विहारात जमायचं. वंदना झाली की आक्का एकेकीला विचारत, "या हप्त्यात कोन्तं शील जड गेलं?" त्यांचं म्हणणं, पंचशीलातली शीलं नुसती पाठ करायची नसतात, वापरायची असतात. सखूबाईला कायम दुसरं, चोरी न करण्याचं, जड जायचं, कारण दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या दिसल्या की तिला स्वतःची चूल आठवायची. मी म्हणायची, पहिलं. मुंग्या मारल्या. आक्का माझ्याकडे बघत आणि पुढच्या बाईकडे वळत.

वर्ष भरत आलं तेव्हा सखूबाई म्हणाली, "मालक गेल्याची तारीख सांग गं, पुण्यानुमोदन करू." पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्याच्या नावाने वंदना आणि दान, त्याला नाही म्हणायला जागा नव्हती. सुचली ती तारीख सांगितली. सखूबाईने पातेलंभर खीर केली, लेकरांना वह्या वाटल्या, आक्कांनी वंदना घेतली. हट्ट्यात धडधाकट जेवून हिंडणाऱ्या माणसासाठी गोरेगावात सगळे दोन मिनिटं माना खाली घालून उभे राहिले. ती खीर माझ्या घशाखाली कशी उतरली ते मला ठाऊक. त्या दिवसानंतर चौथं शील माझ्या तोंडून निघेना. चौथं शील खोटं न बोलण्याचं. 'मुसावादा' आलं की माझे ओठ मिटत. पाचव्याला मी पुन्हा सगळ्यांत मिसळायची. एवढ्या आवाजांत एक कमी झाला तर कुणाला कळतं, असं मला वाटे.

अशी दोन वर्षं गेली. मग एका बाजाराच्या दिवशी हट्ट्याचा एक ओळखीचा माणूस समोर आला. "तू हितं काहून? तुहा मालक पोरगी न्यायला तुला हुडकून राहिला," एवढं बोलून तो गर्दीत गेला. नवरा उद्या दारात उभा राहिला तर प्रज्ञाला अडवायला मला याच बाया हव्या होत्या, आणि याच बायांना मी मेलेल्या माणसाची खीर खाऊ घातली होती. खोटारडी म्हणून त्यांनी पाठ फिरवली तर? मी दोन दिवस नीट जेवले नाही. आक्कांनी काय ओळखलं कोण जाणे. शनिवारी दारावरून जाता जाता म्हणाल्या, "उद्याची वंदना तू घ्यायची." वंदना घेणारीने शील आधी म्हणायचं असतं, बाकीच्यांनी मागून. तिथे ओठ मिटून चालत नाही.

रविवारी तिसऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आक्का पहिल्याच ओळीत होत्या, डोळे मिटून, शब्द सांगायचं नाव नाही. मी मागे वळले. "माहा नवरा मेला न्हाई. हट्ट्याला हाय. जिवंत हाय."

पहिली सखूबाई बोलली, "म्हंजी मी यवढी खीर केली ती?"

"जित्या मान्साची," मी म्हटलं.

"आगं, तरीच! त्याचं धा वर्सं आयुष्य वाढवलं असंल माह्या खिरीनं!" आणि ती हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. मी हसत होते की रडत होते ते मला अजून सांगता येत नाही, पण छातीवरचा धोंडा उतरला तो तिथेच. आक्कांनी डोळे उघडले. "हासून झालं असंल तर चौथं राह्यलंय. म्हण पोरी." मी म्हटलं, मोठ्याने.

नंतर ओट्यावर मी त्यांना विचारलं, "आक्का, तुमाला ठावं व्हतं?" त्या म्हणाल्या, "दोन वर्सं झाले, चौथ्याला तुहा आवाज येत न्हाई. आया व्हते मी. कोन दम धरून राहिलं ते मला आयकू येतं." मग बोलल्या का नाहीत? "तू गप बसत व्हतीस ना. ज्याला लाज न्हाई ते खणखणीत म्हणतं. तुही काळजी नव्हती मला."

दोन महिन्यांनी तो खरंच आला. 'मयत' बघायला सगळी गल्ली लोटली. सखूबाईने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "बसा दाजी, तुमची खीर खाल्ली आमी." त्याला काही उमगलं नाही. आक्का प्रज्ञाला जवळ घेऊन बसल्या होत्या. "लेकरू हितंच राहील. भेटायचं असंल तवा इहारात येऊन भेटा, समद्याच्या समोर." सात-आठ बाया दारात बसलेल्या बघून त्याने वाद घातला नाही. दुपारच्या जीपने तो परत गेला आणि पुन्हा आला नाही. मी बाहेरून दहावी केली, अंगणवाडीत लागले. प्रज्ञा आता नर्स आहे.

त्या रविवारनंतर आक्कांना एक सवय लागली. तिसरं शील झालं की त्या एक श्वासभर थांबत. कुणाला काही गिळायचं असेल, ओकायचं असेल, तेवढी जागा. थांबण्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि नव्या आलेल्या कितीतरी जणींनी आपापलं खरं पुढे त्यांच्यापाशी बोलून टाकलं.

गेल्या आठवड्यात त्यांचं पुण्यानुमोदन झालं. सखूबाई पातेल्यापाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "या बारीला मानूस खरंच गेलंय गं," आणि पळी हातात तशीच धरून रडली. वंदना घ्यायला बाहेरगावचे भन्ते आले होते. तिसरं शील झालं आणि ते सरळ चौथ्याकडे गेले. मागून आवाजच आला नाही. बाया थांबल्या होत्या, पोरं थांबली होती, का थांबायचं ते ठाऊक नसलेलीसुद्धा. भन्तेंनी मान वर करून पाहिलं. मग तेही थांबले. एक श्वासभर सगळा विहार गप्प होता. मग त्यांनी चौथं शील पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं आणि मागून आम्ही सगळ्यांनी. माझा आवाज मला त्यात ऐकू आला.